डेल्फीनची बाजू

माझी बायको डेल्फीन मे महिन्यात गेली, आणि तेव्हापासून या गावात माझ्याशी कोणी धड भांडत नाही. टपाल कचेरीत रांग मोडून पुढे घुसलो तरी लोक बाजूला होतात. "जा रेनो, तू जा पुढे." पूर्वी याच लोकांनी मला कॉलर धरून मागे ओढलं असतं. बेकरीवाली मटण भरलेली, करंजीसारखी पेस्टी देताना माझा हात धरून ठेवते आणि डोळ्यांत बघते. मला पेस्टी हवी असते आणि ती गार होत असते.

मी सगळा उन्हाळा सहन केलं. म्हटलं, फेब्रुवारीत हॅलर तळ्यावर गेलो की सुटेन. तिथे कोणी कोणाची कीव करत नाही. प्रत्येक जण स्वतःच इतका गारठलेला असतो की दुसऱ्याकडे बघायला सवड नसते.

आमचं मंडळ सात जणांचं होतं, आता सहा जणांचं आहे. दर फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी आम्ही गोठलेल्या तळ्यावर जाऊन दोन रात्री झोपतो. पारा शून्याखाली वीसपर्यंत उतरतो. का जाता, असं विचारू नका. तीस वर्षांत आमच्यापैकी एकालाही ते घरच्यांना समजावून सांगता आलेलं नाही.

नियम म्हणाल तर दोन. पांघरूण स्वतःच्या हातानं शिवलेलं हवं. विकतची स्लीपिंग बॅग घेऊन आलेल्या माणसाला आम्ही परत पाठवलेलं आहे, आणि तो माणूस पाद्री होता. दुसरा नियम वजनाचा. निघायच्या आदल्या दिवशी सगळे क्लाइड ट्रेव्हॅरोच्या गॅरेजात जमतात. तिथे छताला हरणं तोलायचा काटा टांगलेला आहे, त्याला प्रत्येकाचं बोचकं अडकवायचं. ज्याचं सगळ्यांत जड, त्यानं मंडळाचा लोखंडी स्टोव्ह घसरगाडीवर घालून चार मैल ओढायचा, आणि रोज सकाळी सगळ्यांच्या आधी उठून बर्फाला भोक पाडून पाणी काढायचं, कॉफी करायची.

त्या काट्यापायी आम्ही काय काय केलं आहे! दात घासायच्या ब्रशची दांडी कापणं तर सगळेच करतात. क्लाइड निवृत्त पोस्टमास्तर, शंभर किलोचा माणूस, त्यानं एका वर्षी वजन वाचवायला पायजम्याची नाडी घरी काढून ठेवली आणि दोन दिवस एक हात पोटावर ठेवून फिरला. बर्नी कोक्को पूर्वी नर्स होती. ती कपड्यांची लेबलं उसवते आणि ती एका डबीत जमवून आम्हाला दाखवते. स्वतःच्या पोटावरची चरबी मात्र कोणी कमी केल्याचं ऐकिवात नाही. ती काट्यावर धरत नाहीत.

मी इतकी वर्षं शिवणकामातून सुटलो, कारण जोडप्याची शिलाई एक धरायची असं ठरलेलं होतं. एकोणीस वर्षांपूर्वी डेल्फीननं आम्हा दोघांसाठी एक दुलई शिवली. वरून-खालून कांद्याच्या पापुद्र्यासारखं नायलॉन, मधोमध एक उभी शिवण, शिवणीच्या दोन्ही बाजूंना अकरा-अकरा कप्पे, आणि कप्प्यांत हंसाची छातीवरची मऊ पिसं. पिसं भरताना मी व्हॅक्यूमची नळी धरली होती. तेवढंच माझं योगदान. त्या दुलईत डावी बाजू माझी, उजवी तिची.

दर वर्षी पहिल्या रात्री मी म्हणायचो, "डेल, माझ्या बाजूनं थंडी आत येतेय."

ती म्हणायची, "कुरकुऱ्या आहेस तू. दोन्हीकडे सारखी भरलीत, तोळा-मासा मोजून. सरक इकडे."

मी सरकायचो. मग ती आपले बर्फासारखे पाय माझ्या पोटऱ्यांवर ठेवायची आणि मी शिवी द्यायचो. हा आमचा कार्यक्रम.

ऑक्टोबरात मी ती दुलई घेऊन मागच्या ओसरीवर झोपून बघितलं. एकट्यानं दोघांच्या दुलईत झोपणं म्हणजे दार उघडं टाकून झोपणं. अर्धी दुलई रिकामी पडते, कूस बदलली की त्या पोकळीतली गार हवा भसकन अंगावर येते. कडेनं गुंडाळून बघितली, अंगाखाली खोचून बघितली. दोन वाजता उठून घरात आलो.

दुसऱ्याच आठवड्यात क्लाइड आला. टोपी हातात धरून उभा राहिला. मी त्याला साठ वर्षं ओळखतो, टोपी काढलेली मी त्याच्या लग्नातसुद्धा पाहिली नव्हती.

"रेनो, आम्ही बोललो आपसात. यंदा तू नुसता ये. बॅग विकतची आण, चालेल."

"आणि वजन?"

"तुझं नाही करणार."

"मग मी कोण म्हणून यायचं? पाहुणा?"

"तसं नाही रे."

"मग कसं?"

त्यानं टोपी फिरवली. त्याच संध्याकाळी बर्नीचा फोन आला. म्हणाली, "मी शिवून देते गुपचूप. तू शिवली म्हणून सांग."

मी दोघांनाही एकच सांगितलं. मी स्वतः शिवीन. ती घेऊन येईन, काट्यावर टांगीन आणि तिच्यात रात्र काढीन. शिवता आली नाही, किंवा मध्यरात्री कुडकुडत उठून स्टोव्हच्या तंबूत जाऊन बसावं लागलं, तर मंडळ सोडीन. तळ्यावरसुद्धा लोक हात धरून डोळ्यांत बघायला लागले तर मला जायला जागाच उरणार नव्हती. पण हे मी त्यांना सांगितलं नाही.

"तू आयुष्यात बटण तरी लावलंयस का?" बर्नीनं विचारलं.

"चाळीस वर्षं लोकांच्या तळघरांत उतरून घर तापवायच्या भट्ट्या दुरुस्त केल्या. पत्र्याचे नळ जोडले. कापड काय जड आहे?"

"पत्रा सरकत नाही रे बाबा."

तिचं म्हणणं मला पहिल्याच दिवशी पटलं. ते नायलॉन मशीनच्या पायाखालून मासोळीसारखं निसटतं. डेल्फीनच्या मशीननं मला ओळखलंच नाही. दोरा तुटायचा, खाली बॉबिनीत त्याचं घरटं व्हायचं. मी मशीनला नावं ठेवली, मशीननं माझ्या अंगठ्यात सुई घातली, मग आमचं जमलं.

माप घ्यायची मात्र मी एक नामी युक्ती काढली होती. स्वयंपाकघरात जमिनीवर उताणा झोपलो आणि खडूनं स्वतःभोवती रेघ मारली. जिथे हात पोचला नाही तिथे काठीला खडू बांधला. उठून बघितलं तर आकृती छान आली होती. नेमकी त्याच दिवशी मुलगी आली. कॉरीन मार्केट नावाच्या शहरात राहते, दोन तासांवर. ती दारातच थबकली.

"बाबा, हे काय आहे?"

"मी आहे."

"पोलीस मेलेल्या माणसाभोवती काढतात तसं दिसतंय."

"दुलईचं माप आहे."

ती खुर्चीत बसली. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही एकाहत्तर वर्षांचे आहात. तुम्हाला बर्फावर झोपायची काय गरज आहे? घरात पलंग आहे."

"पलंग मोठा आहे," मी म्हणालो.

तिनं उठून कॉफी टाकली, आणि जाताना आकृतीवर पाय पडू नये म्हणून भिंतीला चिकटून गेली.

त्या मापाप्रमाणे मी दुलई शिवली. आत दुकानात मिळतो तो पॉलिएस्टरचा कापूस घातला. नोव्हेंबरात एक रात्र अंगणात तीत झोपलो. झोपलो म्हणजे काय, घुसलो. माणूस सपाट नसतो, त्याला जाडी असते, ही गोष्ट मी हिशेबात धरलीच नव्हती. खडूची रेघ माझ्या सावलीला बरोबर बसत होती, मला नाही. छातीवर कापूस दबून चपाती झाला आणि दाबलेल्या कापसात ऊब राहत नाही. सकाळी बर्नी बघायला आली तेव्हा मला आतून बाहेर पडता येत नव्हतं.

"सॉसेज बघितलं आहेस का कधी?" ती म्हणाली. "तसा दिसतोयस."

"हसून झालं असेल तर ओढ मला."

तिनं ओढलं. एक टाका तटकन तुटला. मग तिनं ती दुलई उलटसुलट करून बघितली, स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली आणि नाक मुरडलं. "पाच पौंड. आणि ऊब एवढीशी. शून्याखाली वीसला हिच्यात तू गोठलेला मासा होशील. तुला पिसं लागतील, रेनो."

"बघतो कुठे मिळतात ते."

"तुझ्या कपाटात पडली आहेत की."

"ती दुलई मी फाडणार नाही."

"नको फाडूस. तशीच कपाटात ठेव आणि रोज उघडून बघ. ऊब येईल."

त्या बाईला आजाऱ्यांशी बोलायची सवय होती, त्यामुळे तिच्या बोलण्यात दयामाया फार नसे. मी तिला दार दाखवलं. ती गेली आणि तासाभरानं परत येऊन नवा आराखडा टेबलावर ठेवून गेली. छातीचा घेर, खांद्याचा घेर, वर दहा इंच सैल. कप्पे कसे पाडायचे, दोन कापडांच्या मध्ये जाळीच्या पट्ट्या कशा उभ्या करायच्या, सगळं नर्सच्या अक्षरात.

डिसेंबरभर मी ते शिवलं. वाकडं, पण घट्ट. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात नवी खोळ तयार होऊन पलंगावर पडली, रिकामी, कात टाकल्यासारखी. आत घालायला काही नव्हतं. तळ्यावर जायला तीन आठवडे होते. मी कपाट उघडलं, दुलई काढली, परत ठेवली. असं चार दिवस केलं. पाचव्या दिवशी मला माझाच कंटाळा आला. दुलई, कात्री, व्हॅक्यूम क्लीनर आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा घेऊन मी न्हाणीघरात गेलो आणि दार लावलं.

हे काम कोरड्या टबात बसूनच करायचं असतं. टबाच्या भिंती पिसं अडवतात. व्हॅक्यूमच्या नळीच्या आत बायकांचा पातळ पायमोजा ताणून बसवायचा. पिसं नळीत ओढली जातात, मोज्यापाशी अडतात. नळी तोलायची, रिकाम्या नळीचं वजन वजा करायचं, मग हवा उलटी सोडून पिसं नव्या कप्प्यात फुंकायची. मोजा डेल्फीनचाच होता. माझ्याकडे दुसरा कुठून येणार?

माझ्या बाजूनं सुरुवात केली. तेवढं तरी माझं होतं. पहिला कप्पा उसवला, ओढला, तोलला. एक औंस आणि थोडं वर. सांगायचं तर एक पूर्णांक तीन. दुसरा, एक पूर्णांक तीन. अकराच्या अकरा कप्पे एक पूर्णांक तीन. मला अभिमान वाटला. काय बाई होती! तोळा-मासा मोजून म्हणाली होती, तसंच होतं.

मग तिच्या बाजूचा पहिला कप्पा तोलला. एक पूर्णांक नऊ.

मला वाटलं काटा बिघडला. उठून लोण्याची वडी आणली, तोलली. काटा बरोबर होता. दुसरा कप्पा, एक पूर्णांक नऊ. तिसरा, एक पूर्णांक नऊ.

मी टबात बसलो होतो, हातात नळी, मांडीवर उघडा कप्पा. एकोणीस वर्षं. एकोणीस हिवाळे मी त्या तळ्यावर डाव्या कुशीला गारठलो, आणि एकोणीस हिवाळे ती मला कुरकुऱ्या म्हणाली. क्लाइडसमोर म्हणाली. एका ख्रिसमसला माझ्या बहिणीसमोर म्हणाली. आणि सगळा वेळ ही बाई माझ्यापेक्षा दीडपट पिसांत लोळत होती! चुकून झालं म्हणावं तर कप्पा न् कप्पा सारखा भरलेला. ठरवून, मोजून केलेली चोरी.

"डेल!" मी ओरडलो. "चोर आहेस तू! सरळ तोंडावर खोटं बोललीस!"

आणखीही बरंच बोललो. आजारपणात जे बोललो नव्हतो तेही बोललो. दवाखान्यातले शेवटचे आठ दिवस मी नुसता हो-हो करत बसलो होतो, ती काय म्हणेल त्याला हो. भांडायचं राहूनच गेलं होतं. ते सगळं त्या टबात निघालं. मी हातवारे करत होतो, हातात तिच्या बाजूचा चौथा कप्पा होता, उघडा. बोलून झाल्यावर मी थांबलो.

उत्तर आलं नाही. भट्टी चालू झाली.

टबाशेजारी जमिनीत गरम हवेची जाळी आहे. ती मी स्वतः बसवलेली, आणि जरा जास्तच जोमाची बसवली होती, कारण डेल्फीनला आंघोळीनंतर थंडी वाजायची. काउंटीतला प्रत्येक भट्टीवाला हातात पाना घेण्याआधी भट्टी बंद करतो. मी विसरलो. जाळीतून हवेचा लोट आला आणि कप्प्यातली पिसं एकदम छताला गेली. मी धरायला उठलो, तर पायात दुलई आली आणि उरलेले कप्पे टराटरा उसवले. नव्या दुलईत भरलेले कप्पे अजून उघड्या तोंडांचेच होते. तेही निघाले. अर्ध्या मिनिटात मला आरसा दिसेना.

दहा मिनिटांनी बर्नी आली. तिच्याकडे किल्ली आहे. तिनं हाका मारल्या, दार ढकललं आणि उंबऱ्यावर उभी राहिली.

"रेनो," ती म्हणाली, "तू कोंबडी कधी झालास?"

"दार लाव! दार लाव आधी!"

तिनं दार लावलं, आतून. भट्टी बंद करायला मात्र तिलाच परत पाठवावं लागलं. पिसं ओल्या जागी चिकटतात, त्यामुळे माझा सगळा चेहरा भरला होता. चेहरा कशानं ओला होता ते बर्नीनं विचारलं नाही. टॉवेल फेकला.

"बर्नी, तिनं माझ्या बाजूला कमी भरली होती."

"ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"ती भरायची मापं तिनं माझ्याच स्वयंपाकघरात बसून काढली. म्हणाली, रेनो भट्टीसारखा तापतो, त्याला कमी भरली तरी चालतं. माझे पाय गोठतात."

"मग तसं मला सांगायचं! मी काय नाही म्हणालो असतो?"

"तू मोजत बसला असतास. आणि शिवाय—" ती हसायला लागली.

"शिवाय काय?"

"शिवाय म्हणाली, त्याला जरा गार वाटलं की तो आपोआप इकडे सरकतो. बोलवावं लागत नाही."

मी टबाच्या काठावर बसलो. तोंडात एक पीस गेलं होतं, ते काढलं. म्हणजे मी एकोणीस वर्षं त्या बाईची गरम पाण्याची पिशवी होतो, आणि वर कुरकुऱ्या म्हणून बोलणी खात होतो.

"हलकट बाई," मी म्हणालो.

"फार," बर्नी म्हणाली, आणि तीही टबाच्या काठावर बसली. आम्ही दोघं हसलो. एवढं हसलो की परत पिसं उडाली, आणि मग श्वास रोखून हसावं लागलं. ते सोपं नसतं.

संध्याकाळपर्यंत आम्ही पिसं गोळा केली. पडद्यावरून, नळावरून, माझ्या कानातून. सगळी एका उशीच्या खोळीत कोंबली. तिची कुठली आणि माझी कुठली हे कळायला आता मार्ग नव्हता. तोललं तर चौतीस औंस भरलं. एवढ्या धांदलीत औंसभरच हरवलं होतं.

"तुला चोवीस पुरेत," बर्नी म्हणाली. "बाकी ठेवून दे. हलकी होईल. क्लाइडपेक्षाही हलकी."

"सगळी भर."

"चौतीस? अरे, काट्यावर पडशील तू. स्टोव्ह ओढावा लागेल."

"सगळी भर म्हटलं ना. एकोणीस वर्षांची थकबाकी आहे."

या वेळी भट्टी बंद होती. घरात हात निळे पडले, पण पिसं जागच्या जागी गेली.

शुक्रवारी क्लाइडच्या गॅरेजात सगळे जमले. बोचकी एकेक करून टांगली गेली. आरडाओरडा नेहमीसारखा. कोणी चमचा अर्धा कापून आणलेला, कोणी मोज्यांची जोडी एकच आणलेली. माझं नाव आलं आणि गलका थांबला. चर्चमध्ये थांबतो तसा. मी बोचकं आकड्याला अडकवलं. क्लाइड काट्याशी उभा होता, आकडा वाचायला तोच असतो. त्यानं बोचक्याला आधार दिल्यासारखा हात खाली लावला आणि वाचलं, "अकरा पौंड. चांगलं आहे, रेनो. पुढचा!"

मी त्याच्या हाताकडे बघितलं. अंगठा बोचक्याच्या खाली होता आणि वर ढकलत होता. क्लाइडनं तीस वर्षं टपाल कचेरीत पार्सलं तोललेली. त्या काळात कोणाला पाव औंसाची सूट दिली नव्हती.

"क्लाइड, अंगठा काढ."

"कुठला अंगठा?"

"तुझ्या हाताला आहे तो."

"हात सहज लागला रे."

"मग सहज काढ."

क्लाइडचे कान लाल झाले. त्यानं हात काढला. काटा खाली गेला, डुचमळला आणि बारा पौंडांच्या पुढे जाऊन थांबला. सगळ्यांत जड. दुसऱ्या नंबराला क्लाइडच होता, साडेअकरा.

मागून कोणीतरी म्हणालं, "राहू दे. यंदा स्टोव्ह मी ओढतो."

"मी ओढतो की," क्लाइड म्हणाला. "रेनो, तू या वर्षी नुसता—"

"नुसता काय?" माझा आवाज चढला. "नुसता काय रे? बायको मेली म्हणून माझं बोचकं हलकं झालं का? काटा काय म्हणतो ते वाच. मोठ्यानं वाच!"

क्लाइड काट्याकडे बघत राहिला. मग बर्नी पुढे आली. तिनं माझी दुलई पिशवीतून ओढून काढली, सगळ्यांसमोर पसरली, चष्मा लावला आणि शिवणीवरून बोट फिरवत गेली. मला वाटलं, आता ही चांगलं काहीतरी बोलणार, आणि मला घरी जावं लागणार.

"ही शिवण बघा," ती म्हणाली. "दारू प्यालेली मुंगी चालली आहे."

कोणीतरी फिसकन हसलं.

"हा कप्पा आणि हा कप्पा, दोघांचं आपसात बोलणं नाही," ती म्हणाली. "आणि इथे त्यानं दुलईला स्वतःची बाही शिवून टाकली होती, ती कापून काढली आहे. तुकडा अजून लोंबतोय."

मग सगळे पुढे आले. क्लाइडही आला. खाली वाकून बघितलं, कापड चिमटीत धरलं आणि म्हणाला, "रेनो, एवढी पिसं? तू झोपायला येतोयस की अंडी घालायला?"

"बारा पौंड वाच," मी म्हणालो.

"बारा पौंड दोन औंस," त्यानं वाचलं. "स्टोव्ह रेनोकडे. आणि कॉफी पातळ केलीस तर तुझ्या डोक्यावर ओतीन."

स्टोव्ह मी चार मैल ओढला. दोनदा पडलो. दुसऱ्यांदा पडलो तेव्हा घसरगाडी माझ्या अंगावरून पुढे गेली, आणि मदतीला यायच्या ऐवजी सगळे ती कुठे थांबते यावर पैजा लावत बसले. तळ्यावर पोचेपर्यंत पाठीचे तुकडे झाले होते. रात्री पारा शून्याखाली अठरावर गेला. मी माझ्या छोट्या तंबूत शिरलो, दुलई अंगावर घेतली आणि डाव्या बाजूनं थंडी यायची वाट बघत पडलो. सवयच होती. आता येईल, आता येईल म्हणता म्हणता डोक्यावरची टोपी काढावी लागली. मग मोजे काढले. सवयीनं उजवीकडे सरकलो, तिथे तंबूचं कापड लागलं. सरळ झालो. थोडा वेळ जागा होतो. त्यातलं बाकीचं सांगण्यासारखं नाही. मग झोप लागली.

डोळे उघडले ते पातेलं बडवल्याच्या आवाजानं. तंबूतून पिवळा उजेड दिसत होता, म्हणजे सूर्य चांगलाच वर आला होता.

"ए आळशी घोड्या!" क्लाइड तंबूच्या काठीशी उभा राहून बोंबलत होता. "सहाला कॉफी मिळायची होती, साडेसात वाजले!"

"मेलाय का बघ," लांबून बर्नीचा आवाज आला.

"मेला असेल तर दुलई माझी."

"तुझ्या पोटाला पुरायची नाही ती."

"रेनो! ऐकतोयस का? पाच माणसं इथे उभ्यानं गोठतायत आणि तू आत घोरतोयस! लाज नाही वाटत? उठ, भोक पाड, पाणी काढ!"

त्यानं तंबूला लाथ मारली. वरचं सगळं दंव माझ्या तोंडावर पडलं. नऊ महिन्यांत मला कोणी असं उठवलं नव्हतं.

"येतोय रे, बोंबलू नका," मी म्हणालो, आणि दुलई नाकापर्यंत ओढून आणखी पाच मिनिटं पडून राहिलो.